आमच्यातलीच

काकूंनी माझ्या हातातून ताटली काढून घेतली. हिसकावली नाही. लहान पोराच्या हातातून सुरी काढून घेतात तशी, हळूच घेतली. मग सिंकखालचं दार उघडलं. कौन्सिलने, म्हणजे तिथल्या नगरपालिकेने, उरलंसुरलं अन्न टाकायला दिलेला छोटा तपकिरी डबा बाहेर ओढला. झाकण उघडलं आणि ताटली तिरकी केली.

एकेक मोदक खाली गेला. उकडीचा मोदक पडताना फार आवाज होत नाही. ओला, मऊ आवाज येतो. शेवटचा ताटलीला चिकटला होता. तो त्यांनी चमच्याने ढकलला.

अकरा होते. मी केलेले.

त्यांनी स्वतः केलेले बाजूच्या ताटात होते. त्याच उकडीचे, त्याच सारणाचे. त्यांना हात लागला नाही.

मग त्यांनी तो चमचा गरम पाण्याखाली धरला. बराच वेळ.

"पीठ जरा शिळं होतं गं," त्या म्हणाल्या. माझ्याकडे न बघता.

माझे दोन्ही हात पिठाने पांढरे झाले होते. ते कुठे धुवावेत कळेना. सिंक समोरच होतं. दोन पावलांवर. आणि तिथे जायला माझे पाय उठेनात. मी जिना चढून वर गेले, बाथरूममध्ये हात धुतले. नखांत अडकलेली उकड निघता निघेना.

मी सोळा वर्षांची होते. इंग्लंडात येऊन मला चौथा दिवस होता.

परभणीच्या आमच्या ज्युनियर कॉलेजचं ब्रॅकनेलच्या एका शाळेशी काहीतरी ठरलं होतं. सहा आठवडे तिथल्या शाळेत बसायचं, तिथल्या घरात राहायचं. परीक्षा झाली, इंटरव्ह्यू झाला. आठ जण निवडले. त्यात मी. माझे पप्पा वीज खात्यात लाईनमन. आयुष्यभर खांबावर चढले. निकाल लागला त्या दिवशी ते जेवताना उगाचच दोनदा उठून बाहेर जाऊन आले. आई अंगणवाडीत मदतनीस. लेकरांची खिचडी शिजवते. तिने माझ्या बॅगेत दोन स्वेटर आणि शेंगदाण्याच्या चटणीची बरणी भरली आणि म्हणाली, "परक्याच्या घरात राहायचं हाय. जुळवून घ्यायचं."

बाकीच्या सात जणांना इंग्रज घरं मिळाली. मला मराठी घर मिळालं. इंटरव्ह्यूत माझं इंग्रजी अडखळलं होतं, म्हणून. सगळे म्हणाले, नशीबवान आहेस. घरचं जेवण मिळेल.

मलाही तसंच वाटलं.

एअरपोर्टवर काका-काकू दोघंही आले होते. काका ब्रॅकनेलच्या एका आयटी कंपनीत. काकू बँकेत, आठवड्यातले तीन दिवस घरूनच काम करायच्या. दोघं पुण्याचे, वीस वर्षांपूर्वी आलेले. त्यांची ईशा तिथेच जन्मलेली. चौदा वर्षांची. काकूंनी मला जवळ घेतलं. त्यांच्या शालीला चांगला वास येत होता. गाडीत बसल्या बसल्या विचारलं, "आडनाव काय म्हणालीस?" मी सांगितलं. गावाचं नाव आणि पुढे 'कर'. "हं," त्या म्हणाल्या, आणि समाधानाने मागे टेकल्या.

त्या 'हं'मध्ये काय होतं ते मला तेव्हा कळलं नाही. पप्पांनी ते आडनाव कोर्टात ॲफिडेव्हिट करून घेतलं होतं, मी शाळेत जायच्या आधी. पोरांना त्रास नको म्हणून.

पहिले तीन दिवस स्वर्ग होता. खोटं कशाला बोलू. काकूंनी कांदेपोहे केले. माझ्या केसांना तेल लावलं. मी "मला थंडी वाजायलीय" म्हटलं तर हसल्या. "ऐका हो, किती गोड गावरान बोलते!" मग मला सांगितलं, "वाजतेय म्हणायचं." मी शिकले. 'हाय'चं 'आहे' केलं. मला राग नाही आला. मला वाटलं, आपल्याला माणसात घेतायत.

ईशा माझ्यामागे ताई ताई करत फिरायची. "ताई, माझा खोली छोटा आहे, पण तू इथे बसू शकते," म्हणायची. आम्ही एकाच पलंगावर पोटावर पडून तिच्या मोबाइलवर व्हिडिओ बघायचो. एकाच पाकिटातले चिप्स खायचो. तिला मराठीत रागावता यायचं नाही. चिडली की इंग्रजीत जायची.

त्या वर्षी शाळा सुरू झाल्या झाल्याच गणपती आले. शुक्रवारी काकूंनी विचारलं, "तुझी काही अडचण नाही ना?" पाळीबद्दल होतं ते. मी नाही म्हटलं. "मग उद्या ये माझ्या मदतीला. मोदक येतात?"

आमच्या घरात गणपती बसत नाही. आमच्या घरात देवच नाहीत. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हाच ते सगळं संपलं. हे मी सांगायला हवं होतं. तिथेच, तेव्हाच. पण काकू इतक्या प्रेमाने "ये" म्हणाल्या होत्या. मी म्हटलं, "शिकवा ना."

शनिवारी सकाळी मी अंघोळ करून खाली आले. काकूंनी पारी कशी करायची दाखवलं. पाकळ्या कशा पाडायच्या दाखवलं. आईच्या हाताखाली मी करंज्यांना मुरड घातलेली, त्यामुळे बोटं पटकन वळली. तिसऱ्या मोदकालाच काकू म्हणाल्या, "अगं बाई! माझ्यापेक्षा सुबक!" फोटो काढला. बहिणीला पाठवला. मला फार बरं वाटत होतं. आणि आतून थोडी लाजही वाटत होती, की घरी कळलं तर काय म्हणतील. आपल्या माणसांची रीत मोडून मी दुसऱ्यांच्या देवाचा नैवेद्य करत होते. एका "सुबक"साठी.

तेवढ्यात फोन वाजला. ओट्यावरच ठेवला होता, डब्याला टेकून. पप्पांचा व्हिडिओ कॉल. हात भरलेले, म्हणून करंगळीनेच उचलला.

"जय भीम बाळा!" पप्पा मोठ्याने बोलतात. फोनवर तर जास्तच.

"जय भीम पप्पा," मी म्हटलं. रोज म्हणते तसं.

"काय चाललंय?"

"स्वयंपाक चाललाय. नंतर करते."

बस. एवढंच बोलणं. फोन बंद झाला. मी बारावा मोदक घ्यायला हात पुढे केला तर काकू माझ्याकडे बघत होत्या.

"तुमच्याकडे असं म्हणतात?"

"हो."

"म्हणजे तुम्ही..."

"बौद्ध."

त्यांनी गॅस बंद केला. पुढचं मी सांगितलंय.

दुपारी नैवेद्य झाला. मला हॉलमध्ये बोलावलं नाही. ईशा वर आली. "मम्मा म्हणाली तू दमली आहे. यू ओके?" मी हो म्हटलं. थोड्या वेळाने काकूच वर आल्या. दारातच उभ्या राहिल्या. उंबरठ्याच्या आत पाय टाकला नाही. त्यांच्याच घरातली खोली होती ती.

"मनाला लावून घेऊ नकोस हं. आम्ही तसलं काही मानत नाही. माझ्या ऑफिसात सगळ्या प्रकारचे लोक आहेत. पण देवाचं आहे ना. सासूबाईंपासून चालत आलंय."

 मी म्हटलं, "हो काकू."

हे दोन शब्द मला आजही टोचतात. हो काकू. त्यांना मी सुटका दिली. त्या हसल्या आणि खाली गेल्या.

दुसऱ्या दिवशी माझा चहाचा मग वेगळा झाला. निळा, कानाजवळ टवका उडालेला. "हा तुझा. सध्या फ्लू आहे सगळीकडे, मिक्स नको." फ्लू कोणालाच नव्हता. फ्रिजचा सर्वांत खालचा कप्पा माझा झाला. माझं ताट मी हाताने घासायचं, कारण "डिशवॉशर फुल असतो गं." मी एकदा उघडून बघितला. अर्धा रिकामा होता. ते यंत्र कढत पाण्याने भांडी धुतं. त्यातही माझं ताट त्यांच्या ताटाला लागलेलं चालत नव्हतं.

जेवण माझ्या खोलीच्या दाराशी यायला लागलं. झाकून. "तुला अभ्यास असतो ना, वरच जेव." पोळ्या मऊ असायच्या, भाजी ताजी असायची. उपाशी कोणी ठेवलं नाही मला. हे सांगायला हवं, कारण नंतर सगळ्यांनी तेच विचारलं. उपाशी ठेवलं का? मारलं का? नाही ना?

आणि मी काय करत होते? काहीच नाही. माझा मग विसळत होते. ताट घासत होते. बेसिनच्या कडेला पाणी सांडलं तर कोणी बघायच्या आत पुसत होते. घरात चालताना भिंतीला हात लागू नये म्हणून अंग चोरत होते. मला कोणी सांगितलं नव्हतं अंग चोरायला. ते आपोआप आलं. याची मला सगळ्यांत जास्त भीती वाटली. हे माझ्या अंगात कुठे होतं इतके दिवस?

आईला फोन केला. सांगायचं नाही असं ठरवलं होतं, तरी तोंडातून गेलं. "आई, त्यांनी माझे मोदक टाकून दिले."

  आई म्हणाली, "पोटभर जेवतीस ना?"

"जेवते."

"मग राहू दे लेकरा. सहा आठवड्यांचा प्रश्न हाय."

मी तिच्यावर चिडले. तोडून बोलले. फोन ठेवल्यावर आठवलं. अंगणवाडीत आई लागली त्या वर्षी काही बाया रोज दुपारी डोकावून जायच्या, खिचडी कोण शिजवतंय बघायला. सहा पोरं घरून डबा आणायची. आईने वर्षभर ते पाहिलं आणि वर्षभर खिचडी शिजवली. तिच्याकडे मला द्यायला दुसरं काय असणार होतं?

सोमवारी शाळेत हेलन मॅडमना भेटले. आमची राहायची सोय बघणाऱ्या त्या. चांगल्या बाई. उंच, चष्मा, टेबलावर बिस्किटांचा डबा. म्हणाल्या, सगळं ठीक? मी म्हटलं, नाही.

मग मला बोलताच येईना.

रडू आलं म्हणून नाही. शब्दच नव्हते. मी इंग्रजीत म्हटलं, त्या मला जेवणाला हात लावू देत नाहीत. मॅडम म्हणाल्या, तुला स्वयंपाक करायला आवडतो का? मी म्हटलं, माझा कप वेगळा आहे. त्या म्हणाल्या, आमच्याही घरात प्रत्येकाचा आवडता कप आहे. त्या हसल्या. चांगल्या मनाने हसल्या. मी म्हटलं, कास्ट. त्यांनी भुवया वर केल्या. "पण तुम्ही एकाच भागातले आहात ना? भाषा एकच. ते तर तुमच्यातलेच आहेत."

तुमच्यातलेच.

त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. वही माझ्या बाजूला होती, मला दिसलं. 'घराची आठवण येते. जेवणाच्या आवडीनिवडी.'

मी उठून वर्गात गेले. त्या दिवशी घरी परत जाताना मी रस्ता चुकवला, मुद्दाम. ब्रॅकनेलमध्ये जिकडे तिकडे गोल चौक आणि त्यांच्या खालून माणसांना जायला बोगदे. मी एका बोगद्यातून शिरायचे, दुसरीकडे निघायचे, परत शिरायचे. सायकलवरून लोक जात होते. कोणी माझ्याकडे बघत नव्हतं. त्या परक्या गावात एकही माणूस माझी जात ओळखत नव्हता. फक्त एक घर ओळखत होतं. आणि मला राहायला तेच घर होतं.

बुधवारी पाऊस होता. काका मला शाळेतून घ्यायला आले. ते मवाळ माणूस. घरात त्यांचा आवाज फक्त क्रिकेट बघताना यायचा. गाडी त्यांनी घरासमोर लावली आणि इंजिन बंद केलं तरी उतरले नाहीत. वायपर अर्ध्यात थांबले होते.

"काकूचं मनावर घेऊ नकोस," ते म्हणाले. "तिचं माहेर फार कर्मठ. मी स्वतः मानत नाही. बाहेर आपण सगळे सारखेच."

बाहेर.

मला विचारायचं होतं, आणि आत? पण विचारलं नाही. ते मला घ्यायला आले होते ना पावसात. उपकार असे गळ्यात अडकतात. मी "थँक्यू काका" म्हटलं आणि उतरले. बूट बाहेर काढले. सगळ्यांचे रॅकवर होते. माझे कोपऱ्यात, पायपुसण्यावर.

तोवर ईशानेही माझ्या खोलीत यायचं सोडलं होतं. जिन्यात भेटली तर हसायची, पण घाईत. एकदा दबक्या आवाजात म्हणाली, "मम्मा म्हणते तुझा अभ्यास खूप आहे. आय डोन्ट नो व्हाय. सॉरी." मग खालून हाक आली आणि ती पळाली.

शुक्रवारी सातव्या दिवशी विसर्जन होतं. संध्याकाळी पंधराएक मंडळी येणार होती. काकूंनी सकाळीच सांगितलं, "आज घरात गर्दी असेल. तू वरच थांब. नंतर भांडी आवरायला ये खाली."

म्हणजे उष्ट्या भांड्यांना माझा हात चालत होता.

मी वर बसले. खाली टाळ्या, झांजा, हसणं. कोणीतरी लहान मूल पळत होतं. गरम तुपाचा वास जिन्यावरून वर आला. मी अभ्यासाचं पुस्तक उघडून एकच पान बघत बसले होते. मला भूक लागली होती. इतकी साधी गोष्ट. भूक.

मग जिन्यात पावलं वाजली. काकू. चेहरा घाईचा, नथ हलत होती.

"चल खाली. त्या आजी विचारतायत, इंडियातून आलेली मुलगी कुठेय. तोंड धू, चल." मी उठले. त्यांनी मला दारात थांबवलं. आवाज खाली आणला. "आणि हे बघ. कोणी विचारलंच तर आमच्या नात्यातली सांग. लांबच्या. उगाच तो विषय नको इथे. तुलाच अवघडल्यासारखं होईल."

मला. अवघडल्यासारखं.

मी खाली गेले. सगळे छान कपड्यांत. सोफ्यावर एक म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या, लेकाकडे पुण्याहून आलेल्या. त्यांनी मला समोर बसवलं. हातात प्रसादाची वाटी दिली. "कुठली गं तू?"

"परभणीची."

"आडनाव काय?"

मी तोंड उघडायच्या आत काकू बोलल्या. "आमच्यातलीच आहे हो. नात्यातली. लांबून."

आजींनी माझ्या गालावर हात ठेवला. हात थंड होता, मऊ होता. त्या म्हणाल्या, "सांगायला कशाला हवं? चेहऱ्यावरूनच कळतं. आपल्या घरची मुलगी लपत नाही."

सगळे कौतुकाने बघत होते. काकू हसत होत्या. मला फक्त गप्प राहायचं होतं. एवढंच काम होतं माझं. गप्प राहिले असते तर त्या संध्याकाळी मी त्यांच्यात बसून जेवले असते. चांगल्या ताटात. कदाचित पुढचे पाच आठवडेही.

आणि परभणीत माझी आई माझी आई राहिली नसती. पप्पांची ती मोठ्याने मारलेली हाक राहिली नसती. हे सगळं मी तेव्हा विचार करून ठरवलं असं नाही. तेव्हा मला फक्त गालावरचा तो हात सहन होईना.

"न्हाई आजी," मी म्हटलं. शिकवलेलं सगळं बोलणं गळून गेलं. "मी तुमच्यातली न्हाई. आम्ही बौद्ध हाव. काकूंना ठाऊक हाय. शनिवारी माझ्या हातचे मोदक त्यांनी कचऱ्यात टाकले. अकरा होते."

  मी शूर वगैरे काही नव्हते. डोळे वाटीतल्या प्रसादावरच होते.

गालावरचा हात गेला. आजींनी तो मांडीवर ठेवला, दुसऱ्या हाताने झाकला. तोंडाने काही वाईट बोलल्या नाहीत. बाजूचा एक तरुण म्हणाला, "अरे यार, यूकेमध्ये कोण मानतं हे आता?" त्याच्या बायकोने त्याला कोपर मारलं. मग कोणीतरी म्हणालं, "चला, विसर्जनाला उशीर होतोय." आणि सगळे उठले. मागच्या अंगणात पाण्याचा टब भरून ठेवला होता. आरती सुरू झाली. पंधरा माणसांच्या टाळ्या. जसं काही झालंच नव्हतं.

काकू आरतीला थांबल्या नाहीत. स्वयंपाकघरात जाऊन रडल्या. मोठ्याने. "घरात ठेवून घेतलं, पोटच्या पोरीसारखं केलं, आणि चारचौघांत अशी अब्रू काढली." दोघी-तिघी त्यांच्याजवळ गेल्या. पाठीवरून हात फिरवला. पाणी दिलं.

माझ्याजवळ कोणी आलं नाही. मी त्या मोठ्या हॉलमध्ये वाटी धरून बसले होते. ईशा जिन्याच्या पायरीवर होती. तिने माझ्याकडे बघितलं. मग मोबाइलमध्ये बघितलं. मला तिचं सगळ्यांत जास्त लागलं. अजून लागतं. पुढे दोन वर्षांनी तिचा मेसेज आला होता, फक्त सॉरी लिहिलेला. मी उत्तर दिलं नाही. काय द्यायचं ते अजून कळलेलं नाही.

सकाळी हेलन मॅडम गाडी घेऊन आल्या. काकूंनीच फोन केला होता. माझी बॅग दाराबाहेर आणून ठेवली होती. काका दिसले नाहीत. शाळेच्या ऑफिसात मॅडमनी एक कागद समोर सरकवला. एकच पान. घरच्या चालीरीतींविषयी विद्यार्थिनीचा गैरसमज झाला, यजमान कुटुंबाबद्दल तिची काही तक्रार नाही, असं होतं. खाली माझ्या सहीसाठी रेघ.

"यावर सही कर," त्या म्हणाल्या. "मी आजच तुला दुसरं घर बघते. इंग्लिश घर. तुला तिथे बरं वाटेल."

आमच्याबरोबर आलेले कॉलेजचे सर फोनवर होते. स्पीकरवर. मराठीत बोलले, मॅडमना कळू नये म्हणून. "अगं बाई, कर सही. कॉलेजच्या नावाचा प्रश्न आहे. पुढच्या वर्षी आपली पोरं घेणार नाहीत हे लोक. तुझ्यासारखीच पोरं असतील ती. त्यांचा तरी विचार कर."

त्यांचा विचार मी केला. खरंच केला. पेन उचललं होतं मी.

कागद पुन्हा वाचला. गैरसमज. कोणाचा गैरसमज झाला होता? काकूंना माझी जात बरोबर समजली होती. त्यांनी काय केलं ते मला बरोबर समजलं होतं. आजींना, काकांना, त्या पंधरा माणसांना, सगळ्यांना सगळं नीट समजलं होतं. त्या घरात न झालेली एकच गोष्ट होती, गैरसमज.

मी पेन खाली ठेवलं. "आय विल नॉट साइन."

मॅडमना वाईट वाटलं. त्यांना खरोखर कळत नव्हतं. म्हणाल्या, तक्रार राहिली तर नियमाप्रमाणे चौकशी होईल, तोवर तुला कुठल्याच घरात ठेवता येणार नाही. मी म्हटलं, चौकशी करा. चौकशी झाली नाही. मला परत पाठवलं. आठ जणांतली एकटी मी. सहा आठवड्यांतले दहा दिवस भरले. बाकीच्या सात जणांना प्रमाणपत्र मिळालं, स्टेजवर सत्कार झाला. मी समोर खुर्चीत बसले होते. गावात बोललं गेलं, तिला तिकडे जमलं नाही. पप्पा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "सही केली असतीस तर काय बिघडलं असतं?" त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता. भीती होती. आई चुलीसमोर पाठमोरी बसली होती. ती वळली नाही.

आता मी नर्स आहे. कार्डिफच्या सरकारी हॉस्पिटलात. स्वतःच्या परीक्षेवर, स्वतःच्या व्हिसावर आले. कोणाच्या घरी पाहुणी म्हणून नाही. इथे मराठी माणसं भेटतात. वॉर्डात, बसमध्ये, दिवाळीच्या कार्यक्रमात. भाषा ऐकली की आनंदाने जवळ येतात. गाव विचारतात. मग आडनाव विचारतात. मग एक छोटासा थांबा येतो, आणि डोळे चेहऱ्यावर काहीतरी शोधायला लागतात.

पूर्वी त्या थांब्यात मी अंग चोरायचे. अजूनही चोरलं जातं. ते सुटत नाही, आणि सुटेल असं मी स्वतःला सांगत नाही.

पण आता मी त्यांना शोधू देत नाही. गेल्या महिन्यात वॉर्डात पुण्याची एक नवी सिस्टर आली. ब्रेकमध्ये माझ्या शेजारी बसली. डबा उघडला. "तुम्ही कुठल्या हो?" म्हणाली. मी गाव सांगितलं आणि त्याच श्वासात पुढचंही सांगितलं, आम्ही बौद्ध. पहिल्याच भेटीत, पहिल्याच घासाला. तिने विचारायच्या आधी. मोठ्याने.

ती काय करते ते मी बघत बसले नाही. तो माझा प्रश्न राहिलेला नाही. कोणाला आपला डबा उचलायचा असेल तर त्याने माझ्या डोळ्यांदेखत उचलावा. चारचौघांत उचलावा, कारण सांगून उचलावा. कोणाला उठून दुसऱ्या टेबलावर जायचं असेल तर त्याने जावं.

मी उठणार नाही.